गाडी बायजाच्याच दारात

गाडी काय माझी होती? पंप काय माझ्या बापानं बसवला होता? पण पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांचं बोट माझ्याकडं. केरूची पिकअप रोज बायजाच्या टपरीसमोर बंद पडते, म्हणजे खोट बायजातच असणार. असला न्याय!

मी बायजा. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीचा चढ लागतो ना, त्या चढाच्या पायथ्याला माझी टपरी. रोह्याला रेल्वे येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि धाटावच्या कंपन्या जोरात होत्या. शिफ्टला जाणारी पोरं माझ्याकडं थांबायची, च्या आणि भजी खायची, रात्रपाळीची परत येताना पेंगत पेंगत थांबायची. नवरा गेल्यावर या टपरीवरच माझं आणि सासूचं पोट. जागा बाबाजीकाकाची. रस्त्याकडेची त्याची पडीक पट्टी, कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती तिथं. मी तिथं चूल मांडली, माणसं थांबायला लागली, तेव्हा कुठं त्या पट्टीला किंमत आली. मग काकाच्या पुतण्याला अचानक तिथंच थंड पेयांचं दुकान टाकायची स्वप्नं पडायला लागली. काकाला फक्त निमित्त पाहिजे होतं.

आणि निमित्त चार चाकांवर बसून आलं.

केरू पेणचा. म्हातारी झालेली डिझेलची पिकअप, एक दरवाजा हिरवा आणि दुसरा पांढरा. त्याची बायको हौसा पापड लाटायची, गिरणीतून पोहे घ्यायची, आणि केरू ते धाटावच्या कँटीनांना पोचवायचा. माणूस गरीब स्वभावाचा. बोलताना समोरच्याच्या चपलांकडं बघतो असला. त्याची गाडी पेणहून निघाली की वडखळ, नागोठणं सुरळीत. चढ लागला की खोकायला सुरुवात. अर्ध्यावर जाऊन दम सोडायची आणि मागं घरंगळत बरोब्बर माझ्या टपरीसमोर सपाटीला येऊन उभी. केरू उतरायचा, च्या प्यायचा, बॉनेट उघडून आत देवळात बघावं तसा बघायचा, पुन्हा च्या प्यायचा. अर्ध्याएक तासानं किल्ली फिरवली की बाईसाहेब चालू! आणि जायची चढून, जसं काही झालंच नाय.

एकदा झालं, दोनदा झालं. मग शिफ्टच्या पोरांना चघळायला विषय मिळाला.

"बायजावैनी, तुमच्या भज्यांच्या वासानं गाडीला भूक लागते काय?"

"केरूदादा, आज किती कपावर चालू होणार?"

मी झारा उगारायची. "मुडद्यांनो, गिळा आणि चालते व्हा, भोंगा होईल!" वरवर मीही हसायची, खोटं कशाला बोलू. पण आतून जळत होते. बाईमाणूस एकटी टपरी चालवते तेव्हा तिच्या दारात कोण किती वेळ उभा राहिला, याचा हिशोब सगळा गाव ठेवतो.

मी केरूला बोलले, "दादा, मिस्त्रीला दाखव रं बाबा."

रोह्यात महिपतीमिस्त्रीचं गॅरेज. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा फाटका. तो माझ्यासमोरच तीनदा येऊन गाडीखाली शिरला. मला बोलला, "बाय, टाकी मागं, इंजिन पुढं. मधी हा बारका पंप. हा टाकीतनं डिझेल ओढतो आणि पुढं ढकलतो. हा मेला की इंजिन उपाशी. चढाला भूक जास्त, म्हणून चढाला मरते." कळलं मला. पहिल्यांदा त्यानं फिल्टर बदलला. मग पंपातली स्प्रिंग बदलली. शेवटी अख्खा पंपच नवा टाकला. प्रत्येक वेळी पाइप सोडवला, साफ करून परत जोडला, पंपाचा दट्ट्या हातानं चार वेळा दाबला, आणि गाडी एका किल्लीत चालू. महिपती हात पुसत बोलायचा, "झालं बघ. आता रायगड चढंल."

दुसऱ्या खेपेला पुन्हा माझ्या दारात!

मग महिपतीचं डोकं फिरलं. रोह्याच्या नाक्यावर चार माणसांत त्यानं जाहीर करून टाकलं, "पंप नवा हाय, लाइन साफ हाय. बिघाड गाडीत नाय, डायव्हरात हाय."

झालं! मिस्त्रीचा दाखलाच मिळाला लोकांना. संध्याकाळपर्यंत ते पेणला पोचलं आणि त्याच्या आधी बाबाजीकाकाकडं. काका आला पांढरी टोपी सारखी करत, मला च्या पण मागितला नाय.

"बायजा, आपली जागा म्हंजी घरासारखी. घरात असलं चालत नाय. येत्या सोमवारपर्यंत टपरी उचल."

"असलं म्हंजी कसलं?"

"आता ते माझ्या तोंडानं कशाला वदवतेस?"

माझ्या हातात उकळत्या च्याचं भांडं होतं. कसं खाली ठेवलं माझं मला माहीत. रडू आलं, पण त्या माणसासमोर नाय रडले. तो गेल्यावर भजीच्या पिठात मीठ दोनदा पडलं, तेव्हा कळलं की माझं डोकं ठिकाणावर नाय. टपरी गेली तर मी जाणार कुठं? दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला? आणि तीसुद्धा हे नाव घेऊन?

दुसऱ्या दिवशी केरू आला. म्हणजे गाडी आली, बंद पडली, आणि त्यातून केरू उतरला. मी कमरेवर हात ठेवून उभी.

"केरूदादा, पुढच्या खेपेला हौसाला गाडीत बसवून आण."

केरूनं कप खाली ठेवला. "नको वो बायजाबाय. तुमी तिला ओळखत नाय."

"ती मला ओळखत नाय, तेच तर दुखणं हाय! तिला घेऊन ये. नायतर मीच पेणला येते आणि तुमच्या आळीत उभी राहून बोलते."

त्यानं माझ्या चपलांकडं बघितलं आणि होकाराची मान डोलावली. महिपतीलाही मी निरोप धाडला की भित्रा नसशील तर ये. भित्रा म्हटल्यावर तो येणार होताच. बाबाजीकाकाला बोलावावं लागलं नाय. असल्या ठिकाणी तो वास काढत येतो.

शनिवारची दुपार. बातमी फुटलेली, त्यामुळं शिफ्ट सुटलेली पोरं घरी न जाता माझ्या बाकड्यांवर. मी पण काय कमी नाय. एवढी माणसं जमलीत तर भज्यांचा घाणा मोठा लावला. इज्जत जायची तर जाऊ दे, धंदा कशाला बुडवायचा?

पिकअप दिसली. नागोठण्याकडच्या वळणावरून वळली, माझ्यासमोरून धूर सोडत पुढं गेली, चढाला लागली. पोरं उभी राहिली. खोक खोक झालं, गचका बसला, आणि आली की मागं घरंगळत! माझ्या चुलीपासून चार हातांवर उभी. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी त्या पंपाला पोटात घ्यावं.

हिरवा दरवाजा उघडला. हौसा उतरली. बुटकी, दणकट, मनगटं अशी की नुसत्या हातानं पापडाचा गोळा चपटा करील. पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर आलेलं.

"तूच काय गो बायजा?"

"मीच. बस. च्या घेणार?"

"तुझा च्या प्यायला माझा नवरा पुरे हाय."

मी बोलले, "हौसाबाय, तू गाडीत होतीस. तुझ्या डोळ्यासमोर बंद पडली. तुझ्या नवऱ्यानं बंद केली काय?"

"किल्लीला हात नाय लावला त्यानं," ती खरं तेच बोलली. "पण तू काय करणी केली नसशील कशावरनं? गाडीला काय बाधू नये म्हणून तर मी देव बसवलाय."

"कुठं बसवलाय?"

तिनं बोट दाखवलं. गाडीच्या बाजूला डिझेलच्या टाकीचं झाकण. त्यावर तेलात कालवलेला शेंदूर, थरावर थर, बोटभर जाड, वाळून दगड झालेला. त्यावर चांदीचे दोन डोळे. नागोठण्याच्या उन्हात ते माझ्याकडं वटारून बघत होते.

केरूनं खाली बघत सांगितलं ते असं. कधी धरमतरच्या धक्क्यावर भाड्याचा माल घ्यायला गाडी लावली की कुणीतरी नळी घालून डिझेल चोरायचं. कुलूप लावलं तर कुलूपही नेलं. मग हौसानं डोकं लढवलं. देवाच्या डोक्यात कोण नळी घालणार? तिनं झाकणाचाच देव केला, आणि दर अवसेला नवा शेंदूर. त्या दिवसापासून एक थेंब चोरीला गेला नाय. डिझेल भरायचं ते फक्त पेणला, सकाळी, हात धुऊन, मग झाकण गच्च आवळायचं. वाटेत देवाला हात लावायचा नाय, असा हौसाचा हुकूम. देवाच्या त्या भानगडीत पडायला महिपतीही तयार नव्हता.

बाई हुशार होती, हे मला तेव्हाच मान्य करावं लागलं. रागात असूनसुद्धा.

महिपती तोवर गाडीखाली गेला होता आणि तिथून ओरडत होता, "पंप ठणठणीत हाय! मी आईची शपथ घेऊन सांगतो!" बाबाजीकाका बोलला, "बघा. मी काय म्हणत होतो?" पोरं भजी मागत होती. कढईतलं तेल संपत आलेलं. मी चिडून तेलाचा नवा डबा ओढला, खिळा ठेवला, बत्ता हाणला. भोक पडलं. डबा कढईवर वाकडा केला.

तेल येईना. थेंब आला, गुडुप् करून आत गेला, पुन्हा थेंब.

"तूपण बंद पड मेल्या माझ्या दारात!" मी डब्यावर ओरडले आणि दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. सुस्स करून हवा आत गेली आणि तेलाची धार लागली.

मी डब्याकडं बघितलं. मग गाडीच्या टाकीकडं. टाकी म्हणजे तरी काय, मोठा डबाच. आणि तिच्या तोंडावर बोटभर शेंदूर.

मी डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि सरळ जाऊन देवाचं डोकं धरून पिरगाळलं.

"अगो बया! देवाला हात लावलान हिनं!" हौसा किंचाळली. झाकण गच्च बसलं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. फिरलं, आणि टाकीनं असा लांबलचक श्वास ओढला की जवळ उभी पोरं दचकून मागं सरली. सुस्सऽऽऽ.

"केरूदादा, मार किल्ली."

गाडी लगेच नाय लागली. महिपतीनं खालून दट्ट्या चारदा दाबला, केरूनं पुन्हा किल्ली मारली, आणि धडधड करून इंजिन चालू. अर्धा तास नाय, च्या नाय, काय नाय.

आता खरं तर माझी आरती ओवाळायला पाहिजे होती. पण माणसं काय करतील सांगता येत नाय. हौसानं हात जोडले. "देव बोलला! सुस्कारा टाकला माझ्या देवानं!" मागची दोन पोरं चपला काढून उभी राहिली. आणि बाबाजीकाका? त्यानं टोपी काढून जमिनीला हात लावला आणि बोलला, "जागृत ठिकाण हाय हे. म्हणून तर गाडी इथं थांबते! इथं चौथरा बांधला पाहिजे. बायजा, चूल हलव."

म्हणजे बदनाम झाले तरी टपरी जाणार आणि देव पावला तरी टपरीच जाणार! माझा जो भडका उडाला!

"चौथरा गेला खड्ड्यात! मिस्त्री, बाहेर ये. हे झाकण धर आणि आतल्या बाजूनं फुंक."

"मी? देवाला?"

"भित्रा हायस काय?"

महिपतीनं झाकण उलटं केलं, तोंड लावलं आणि फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हवा कुठूनच जाईना. तोंड काढलं तेव्हा ओठाभोवती डिझेलचं गोल कडं. तो थुंकला, झाकणाकडं बघितलं, आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आयला! झाकणाला हवेचं भोक असतं वो! टाकीतनं डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाय आली तर पंप ओढून ओढून काय ओढणार? मी दर वेळी पाइप सोडायचो, तिथनं हवा जायची, गाडी चालू व्हायची. आन मी म्हणायचो पंप दुरुस्त झाला!"

"आणि उभी राहिली की?" मी विचारलं.

"कडेच्या रबरातनं जरा जरा हवा शिरते. अर्ध्या तासात पुरते तेवढी." तो केरूकडं वळला. "माफ कर रं. डायव्हर बरा हाय."

सगळे हौसाकडं बघायला लागले. तिचा चेहरा त्या शेंदरापेक्षा लाल. मला तिची कीव आली, खरंच आली. डिझेल वाचवायला गेली बिचारी, आणि नवऱ्याला बाईच्या दारात उभं करून बसली. मनात आणलं असतं तर तिथंच तिचा पापड लाटला असता मी. पोरं तर वाटच बघत होती. मी टपरीत गेले, पोतं शिवायचं दाभण आणलं, आणि तिच्याजवळ जाऊन हळू बोलले,

"हौसा, देव चांगला बसवलास गो. डोळे पण झाक हायत. फक्त नाक ठेवायचं राहिलं. श्वास कुठनं घेईल तो?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातलं दाभण ओढून घेतलं.

"माझा देव हाय. मीच टोचणार."

महिपतीनं बोटानं जागा दाखवली, दोन डोळ्यांच्या जरा खाली. हौसानं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि दाभण फिरवत फिरवत आत घातलं. "आता फुंक," ती महिपतीला बोलली. त्यानं सगळा राग एकवटून फुंकलं. शेंदराची गुठळी बंदुकीतून सुटावी तशी सुटली आणि थेट बाबाजीकाकाच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसली. पोरं बाकड्यांवरून खाली पडली हसून. एक जण तर टोपीलाच हात जोडायला लागला.

काकानं टोपी झटकली, डाग आणखी पसरला. "हसा, हसा. पण अजून काय सिद्ध झालेलं नाय. आता चालू झाली, पुढचं कुणी बघितलंय? सोमवारी पेणहून येताना ही गाडी इथं थांबली नाय तर मी मानीन. थांबली, तर टपरी त्याच दिवशी उचलायची."

"कबूल," मी बोलले.

सोमवारी सकाळपासून काका माझ्या बाकड्यावर. पुतण्यालाही आणला होता, तो पावलं टाकून जागा मोजत होता. पिकअप दिसली. वळली, माझ्यासमोरून गेली, चढाला लागली. मी डोळे मिटून घेतले. इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. एकदा बारीक झाला तेव्हा माझा श्वास थांबला. पण तो वर वर गेला, खिंडीत घुमला, आणि पलीकडं उतरून गेला. हॉर्नसुद्धा नाय वाजवला.

मी जिंकले. उड्या मारायला पाहिजे होत्या. पण खरं सांगू? जरा वाईट वाटलं. इतके दिवस रोज थांबणारी गाडी अशी नुसती धूर सोडून गेली. काका काय उठला नाय. "परत यायची हाय अजून," तो बोलला. "उतारावर बघू."

दुपार कलली. खिंडीतून हिरवा-पांढरा ठिपका दिसला. गाडी उतरत आली, माझ्या टपरीजवळ हळू झाली, आणखी हळू झाली, आणि चुलीपासून चार हातांवर उभी राहिली.

काका टाळी वाजवून उठला. "थांबली! थांबली की नाय? बोल आता!"

हिरवा दरवाजा उघडून हौसा उतरली. हातात पापडांचं पुडकं, काखेत पिशवी, पिशवीत लाटणं तसंच.

"कान फुटलेत काय काका?" ती बोलली. "इंजिन ऐका जरा."

आम्ही ऐकलं. धडधड धडधड, झक्क चालू होतं.

"बंद नाय पडली. मी थांबवली. आता रोज थांबवणार, जाताना नाय तर येताना. माझी गाडी, माझा देव, आन ही माझी मैतरीण. कुणाला काय विचारायचं असंल तर मला विचारा." तिनं पिशवी बाकड्यावर आपटली. लाटणं वाजलं. पुतण्या जागा मोजायचं विसरून पार रस्त्याच्या पलीकडं मागं गेला, काका टोपी हातात घेऊन त्याच्या मागं.

हौसा बाकड्यावर ऐसपैस बसली आणि पुडकं माझ्याकडं सरकवलं. "हे भाज. आन च्या टाक गो बायजा, आलं जास्त घाल."

"आणि केरूदादा?"

"तो आतच बसंल," हौसा बोलली.

मी कप भरला आणि खिडकीतून आत दिला. केरूदादानं तो मुकाट्यानं घेतला. या वेळी मात्र माझ्या चपलांकडं बघायलासुद्धा त्याला जागा नव्हती, म्हणून तो स्टिअरिंगकडं बघत प्यायला.